खतावणीतले संघ

‘फॅन्टसी’ या संज्ञेसाठी मराठी समीक्षेने ‘अद्भुतिका’ हा शब्द स्वीकारला आहे आणि वर्गात तो शिकवताना मला दरवेळी थोडे हसू येते. गेली वीसहून अधिक वर्षे ज्या ‘फॅन्टसी’त मी गुंतलेलो आहे, तीत अद्भुत म्हणावे असे काहीच नाही. पऱ्या नाहीत, राक्षस नाहीत, उडते गालिचे नाहीत. आहेत ते केवळ आकडे. ‘फॅन्टसी लीग’ हा खेळ ज्यांच्या परिचयाचा नसेल त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, एखाद्या खऱ्या स्पर्धेतल्या निरनिराळ्या संघांमधून खेळाडू निवडून आपण आपला कागदावरचा संघ बांधायचा. ते खेळाडू मैदानावर जे करतील, त्याचे गुण आपल्या कागदी संघाच्या खाती जमा व्हायचे. मैदान खरे, माणसे खरी, धावाही खऱ्या; कल्पित असते ती फक्त जुळणी. ऐतिहासिक कादंबरीकार याहून वेगळे काय करतो, असा प्रश्न मी एकदा स्टाफरूममध्ये विचारला होता. इतिहासाच्या सहकाऱ्याला तो आवडला नाही.

या खेळाचा उगम अमेरिकेतला. १९८० साली डॅनियल ओक्रेंट या लेखक-संपादकाने आपल्या मित्रांना जमवून बेसबॉलची अशी लीग सुरू केली. न्यूयॉर्कमधल्या ‘ला रोटिसरी फ्रान्सेज’ या उपाहारगृहात ही मंडळी जमत, म्हणून तिला ‘रोटिसरी लीग’ असे नाव पडले. पुढे कॅनडा-अमेरिकेत बर्फावरच्या हॉकीपर्यंत हे लोण पोचले. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मात्र या संदर्भात बारा वर्षे मागे जाऊन रॉबर्ट कूव्हरची १९६८ची कादंबरी पाहावी. तिचा नायक जे. हेन्री वॉ हा हिशेबनीस आहे. फाशांच्या आधारे तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर बेसबॉलची एक संपूर्ण कल्पित लीग चालवतो, तिची दप्तरे लिहितो, आणि एका रात्री फासे असे पडतात की त्याचा लाडका तरुण खेळाडू मैदानातच मरतो. तो मृत्यू हेन्रीला सोसत नाही. कागदावरच्या माणसासाठी माणूस किती खोल जाऊ शकतो, हे मला त्या कादंबरीइतके दुसरीकडे क्वचितच दिसले आहे.

आमच्याकडे फासे नव्हते. पुस्तके होती. शाळकरी वयात पुस्तक उघडून डाव्या पानाच्या क्रमांकाचा शेवटचा अंक पाहायचा. दोन, चार, सहा म्हणजे तितक्या धावा, शून्य म्हणजे बाद, आठ आला तर वाद. पातळ ‘बालभारती’वर डाव रंगत नसे, कारण पाने लवकर ओळखीची होत. जाड ग्रंथ हवा, आणि जालना जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांत जाड ग्रंथ म्हणजे दासबोध. समर्थांचे जन्मगाव जांब आमच्याच जिल्ह्यातले, घनसावंगी तालुक्यातले. त्यांच्या ग्रंथावर आम्ही शारजा आणि ईडन गार्डन्स भरवत होतो. आजीने पकडल्यावर शिक्षा म्हणून दुसऱ्या दशकातला पहिला समास, मूर्खलक्षणांचा, मोठ्याने वाचायला लावला. त्याच दशकाचा दहावा समास पढतमूर्खांचा आहे. तो मी प्राध्यापक झाल्यावर स्वतःहून वाचला.

खरी लीग सुरू झाली ती २००३च्या विश्वचषकाच्या वेळी. आम्ही सहा जण होतो. मी नुकतीच एम.ए.ची परीक्षा देणार होतो. एकाचे वडील मोंढ्यात अडते होते. एक पोलादाच्या रोलिंग मिलमध्ये पाळीवर जाई, एक बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता, एकाचे औषधांचे दुकान होते आणि एक मोसंबीचा बागायतदार होता. कुणाचे नाव इथे देत नाही, आणि त्याची गरजही नाही. लीगमध्ये आम्ही एकमेकांना वस्तीच्या नावाने ओळखत होतो आणि आजही ओळखतो: कादराबाद, मस्तगड, मोतीबाग, भोकरदन नाका, अंबड चौफुली आणि मी गांधीचमन.

खेळाडूंची वाटणी कशी करायची, हा प्रश्न कादराबादने एका वाक्यात सोडवला. “हर्राशी करू,” तो म्हणाला. मराठवाड्याच्या बाजारपेठेत शेतमालाच्या लिलावाला हाच शब्द आहे. त्याच्या वडिलांच्या आडतीच्या गादीवर, रविवारी मोंढा बंद असताना, आम्ही बसलो. प्रत्येकाकडे शंभर क्विंटल. पैशाचा संबंध नको म्हणून हे माप. बोली कादराबाद पुकारी, तीही तुरीच्या ढिगाऱ्यापुढे उभे राहून पुकारावी तशी. एक धाव एक गुण, एक बळी वीस गुण, झेल किंवा यष्टिचीत आठ. हिशेब लाल कापडी बांधणीच्या खतावणीत लिहायचा. प्रत्येक संघाचे स्वतंत्र खाते. अक्षर बरे म्हणून ‘मापाडी’ मला नेमण्यात आले. बक्षीस असे काही नव्हते. तळाच्या संघाने बाकीच्यांना चहा-भजी द्यायची, बस.

त्या पहिल्या खतावणीची पाने आजही मला काही कादंबऱ्यांपेक्षा अधिक आठवतात. मस्तगडने सचिनसाठी शेहेचाळीस क्विंटल मोजले. सचिनने त्या स्पर्धेत ६७३ धावा केल्या. तरीही मस्तगड चौथा आला, कारण उरलेल्या दहा जणांत त्याला परवडले ते केवळ बारदान, असे कादराबादचे मत होते. मोतीबागने शेन वॉर्नला बत्तीस क्विंटलला घेतले आणि स्पर्धा सुरू होऊन दोन दिवस होत नाहीत तोच, ११ फेब्रुवारीला, वॉर्न उत्तेजक चाचणीत सापडल्याची बातमी आली. ऑस्ट्रेलियाने त्याच्या जागी नेथन हॉरिट्झला बोलावले. मोतीबागचे म्हणणे, हॉरिट्झ आपोआप माझा. बाकी पाच जणांचे म्हणणे, नाही. दोन संध्याकाळी वाद चालला. शेवटी कादराबादच्या वडिलांनी, जे या सगळ्याकडे पोरखेळ म्हणून पाहत असत, गादीवरूनच निकाल दिला: “पोरहो, माल तुमच्या ताब्यात आल्यावर नासला तर तो तुमचा. बदली माल व्यापारी देत नसतो.” खतावणीच्या पहिल्या पानावर हा नियम मी लिहिला. तो पुढे कामी येणार होता.

आणि अंबड चौफुली. हा आमच्यातला खरा वाचक. रद्दीवाल्याकडून ‘एकच षटकार’चे जुने अंक किलोवर आणून त्याने ते बांधून घेतले होते. वर्तमानपत्रातला धावफलक तो खालपासून वर वाचत असे. हर्राशीच्या शेवटी, सगळ्यांची पोती रिकामी होत आलेली असताना, त्याने एका क्विंटलला केनियाचा कॉलिन्स ओबुया घेतला. आम्ही हसलो. २४ फेब्रुवारीला नैरोबीत ओबुयाने श्रीलंकेचे २४ धावांत ५ बळी घेतले. त्याच्या आदल्याच दिवशी कॅनडाच्या जॉन डेव्हिसनने वेस्ट इंडिजविरुद्ध ६७ चेंडूंत शतक ठोकले होते, विश्वचषकातले तोवरचे सर्वांत वेगवान. तोही अंबड चौफुलीचाच, अर्ध्या क्विंटलचा. दक्षिण आफ्रिकेतले दिवस-रात्र सामने आपल्याकडे मध्यरात्र उलटून संपत, आणि जालन्याला येणारी डाक आवृत्ती त्याआधीच छापून निघालेली असे. त्यामुळे अर्धवट धावफलक वाचून एक आख्खा दिवस काढावा लागे. त्या एका दिवसाच्या ताटकळण्यात आम्ही जितके बोललो, तितके पुढे सर्व काही क्षणात कळू लागल्यावर कधी बोललो नाही.

धावफलकाविषयी थोडे बोलायला हवे. मराठीतला धावफलक ही मला एक अत्यंत सुसंस्कृत संहिता वाटते. पायचीत, धावचीत, यष्टिचीत, त्रिफळाचीत! बाळ ज. पंडितांच्या समालोचनातून असे शब्द घराघरांत पोचले आणि वर्तमानपत्रांनी ते टिकवले. एका चौकोनात बावीस माणसांच्या दिवसभराच्या कर्तृत्वाचा हिशेब असतो. कुणाचा झेल कुणी घेतला तेही नोंदलेले असते. आणि ज्या धावा कुणाच्याच नावावर मांडता येत नाहीत, त्यांना आपण ‘अवांतर’ म्हणतो. अवांतर वाचनाचे महत्त्व सांगण्यात ज्याचा जन्म गेला, त्या मराठीच्या मास्तराला हा शब्द तिथे भेटला की बरे वाटते.

हे महत्त्व आम्हाला कळले ते हॉकीमुळे. २००५ साली प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली. तिच्यात धनराज पिल्लेचा ‘मराठा वॉरियर्स’ हा संघ होता, सामने हैदराबादला होते. जालन्याच्या माणसाला हैदराबाद परके नाही. १९५६ पर्यंत आम्ही त्याच राज्यात होतो, आणि सिकंदराबादची रेल्वे आजही आमच्या स्टेशनावरून जाते. भोकरदन नाका हा शाळेत हॉकी खेळलेला. त्याने हट्टाने हॉकीची हर्राशी लावली. लीग दोन आठवडेही टिकली नाही. वर्तमानपत्रात चार ओळी येत: अमुक संघ जिंकला, गोल तमुकने केले. बचावफळीतल्या माणसाने सत्तर मिनिटे काय केले, त्याची नोंद कुठेच नाही. मग बचावपटू घ्यायचा कुणी? सगळ्यांनाच गोल करणारे हवे होते. ज्या खेळाची नोंद होत नाही, त्या खेळाचे कल्पित रचता येत नाही. भोकरदन नाका अजून म्हणतो की दोष हॉकीचा नव्हता, वार्ताहरांचा होता. मला त्याचे म्हणणे पटते.

२००७चा विश्वचषक आमच्या लीगची खरी परीक्षा ठरला. १७ मार्चला बांगलादेशाने भारताला हरवले. मश्रफी मोर्तझाने ३८ धावांत ४ बळी घेतले. मोर्तझा कुणाकडे होता हे वाचकांनी ओळखले असेलच. दुसऱ्या दिवशी अंबड चौफुली मोंढ्यात आला. रात्री बागेला पाणी देऊन आलेला, कारण भारनियमनाच्या त्या काळात पंपाची लाईट रात्रीच येई. डोळे लाल. “ते ऐंशी गुण लिहू नको,” तो मला म्हणाला. मी म्हणालो, “काहून? झाले ते झाले.” त्याचे उत्तर असे होते की, सामना पाहताना पहिल्या बळीला आपण नकळत टाळी वाजवली आणि बाजूला बसलेल्या वडिलांनी आपल्याकडे पाहिले. तेव्हापासून जेवण गेले नाही.

मग त्या गादीवर जी चर्चा झाली, ती मी अनेक चर्चासत्रांत ऐकलेली नाही. मस्तगडचे म्हणणे, देशाविरुद्धचे गुण रद्द करावेत. मोतीबाग म्हणाला, मापाडी माल कुणाचा आहे ते पाहत नाही, वजन पाहतो. भोकरदन नाक्याने ‘मृत्युंजय’ काढली: शिवाजी सावंतांच्या मागे जाऊन आपण सगळे कर्णाच्या बाजूने रडलो, तेव्हा पांडवांशी बेइमानी झाली का? औषध विक्रेत्याच्या तोंडून हे ऐकून एम.ए. झालेला मी गप्प बसलो. शेवटी गुण लिहिले गेले. ऐंशी. मात्र अंबड चौफुली तीन दिवस चहाला आला नाही. २३ मार्चला श्रीलंकेकडून हरून भारत स्पर्धेतून जवळजवळ बाहेर पडला. शहरात विश्वचषक संपल्यासारखेच झाले. आमच्या खतावणीत मात्र तो एप्रिलच्या अखेरीपर्यंत चालू राहिला. मॅग्राथचे २६ बळी, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध लागोपाठच्या चार चेंडूंवर मलिंगाने घेतलेले चार बळी, हे सगळे आम्ही कुठल्यातरी आपल्या माणसाचे म्हणून वाचले. दुसऱ्याच्या गोष्टीत आपला जीव गुंतवता येणे, ही वाचनाची पहिली पायरी मानली तर जालन्याच्या मोंढ्यात सहा जण ती चढत होते.

२० फेब्रुवारी २००८ रोजी आयपीएलचा पहिला लिलाव झाला आणि महेंद्रसिंग धोनी पंधरा लाख डॉलरला गेला. “आपली हर्राशी चोरली,” एवढीच कादराबादची प्रतिक्रिया होती. त्याच वर्षी मुंबईत हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी ‘ड्रीम इलेव्हन’ स्थापन केली. आम्हाला ते कळायला बरीच वर्षे जावी लागली. दरम्यान खतावण्या वाढत गेल्या. २०१४ची तर केवळ एका बोलीसाठी जपून ठेवावी. विजय झोल हा जालन्याचा मुलगा. २०११ साली एकोणीस वर्षांखालील कूचबिहार करंडकात त्याने नाबाद ४५१ धावा केल्या होत्या, २०१४च्या युवा विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता, आणि त्या वर्षी बंगळुरूच्या आयपीएल संघाने त्याला घेतले. आमच्या हर्राशीत सहाही जण त्याच्यावर तुटून पडले. बोली चाळीस क्विंटलवर थांबली. कोहली त्या दिवशी एकतीसला गेला. झोलच्या वाट्याला मोजकेच सामने आले. पण चाळीस क्विंटल मोजणाऱ्या मस्तगडने त्याबद्दल कधी कुरकुर केल्याचे मला आठवत नाही.

२०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि हा खेळ प्रत्येकाच्या खिशात आला. नियम वरवर आमच्यासारखेच: शंभर श्रेयांकांत अकरा जण निवडायचे, कर्णधाराला दुप्पट गुण, उपकर्णधाराला दीडपट. फरक दोनच. संघ हंगामाचा नव्हता, एका सामन्याचा होता. आणि समोर पैसे होते. २०१७ साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने हा कौशल्याचा खेळ असल्याचे मान्य केले. २०२० साली तर आयपीएलचे शीर्षक प्रायोजकत्वच ‘ड्रीम इलेव्हन’कडे होते. त्या वर्षी करोनामुळे स्पर्धा अमिरातीत झाली, मोंढ्यात जमणे शक्य नव्हते, आणि आमची खतावणी प्रथमच कोरी राहिली.

त्या कोऱ्या वर्षात अंबड चौफुली एका ॲपवर पैसे लावून खेळू लागला. कोणते ॲप, ते इथे महत्त्वाचे नाही. तशी अनेक होती. सुरुवात एकोणपन्नास रुपयांची. कौशल्याचा खेळ असे न्यायालय म्हणते तर त्यात आमच्यापैकी सर्वांत कुशल तोच होता, यात शंका नाही. पण सहा जणांत जो कुशल आहे तो दर दोन-तीन वर्षांनी जिंकतो. लाखो जणांत त्याचे कौशल्य पावसातल्या ओंजळीएवढे उरते. शिवाय ओबुयाला एका क्विंटलला घेऊन दोन आठवडे वाट पाहण्याची सोय तिथे नव्हती. आज रात्री नाही तर उद्या नवा संघ, परवा आणखी एक. खतावणीत हरवणारा माणूस समोर भजी खात बसलेला असे. तिथे समोर कुणीच नव्हते.

२०२३च्या उन्हाळ्यात त्याचे थोरले बंधू मोंढ्यात आले. मोसंबीच्या पट्टीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी आकडे मांडून आणले होते. दोन बहारांचे उत्पन्न गेले होते. वर आमच्यापैकी प्रत्येकाकडून त्याने उसने घेतलेले: मस्तगडला मुलीची फी सांगितली होती, मोतीबागला बोअर, मला पंप. पाचही कारणे वेगवेगळी आणि पाचही अतिशय विश्वासार्ह. बंधूंनी एवढेच विचारले, “तुमच्यातूनच लागले ना हे?” कादराबादने कपाटातून खतावण्या काढून त्यांच्यापुढे ठेवल्या आणि म्हणाला, “भाऊ, बघा, यात एक रुपया लिहिलेला दाखवा.” त्यांनी खरोखरच पाने उलटली. बराच वेळ. ओबुयाचे पान आल्यावर विचारले, “हा कोण?” आम्ही सांगितले. ते काही न बोलता उठले. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्या पानांतून ‘नाही’ असे निघत असले, तरी तो प्रश्न गैर होता असे मी म्हणणार नाही. बीज आणि तण एकाच जमिनीत रुजते.

अंबड चौफुली दोन वर्षे हर्राशीला आला नाही. त्याचे खाते आम्ही दर हंगामी उघडत होतो. पानाच्या माथ्यावर नाव आणि खाली काही नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २२ तारखेला राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली आणि पैशांवरचे फॅन्टसी सामने बंद पडले. त्यावर मोंढ्यात फारशी चर्चा झाली नाही. सप्टेंबरअखेर महिला विश्वचषक सुरू होणार होता आणि मोतीबागची कन्या, बारावीला असलेली, बापाच्या जागी आपण बोली लावणार म्हणून अडून बसली होती. हर्राशीच्या दिवशी अंबड चौफुली आला. तब्येतीने उतरलेला. कुणी काही विचारले नाही. कादराबादने त्याच्यापुढे शंभर क्विंटलची चिठ्ठी सरकवली, ती त्याने परत सरकवली. “मला संघ नको. वही इकडे दे,” तो मला म्हणाला. बावीस वर्षांचे मापाडीपण मी त्याच्या हाती दिले.

मोतीबागच्या मुलीने स्मृती मानधनासाठी एकोणचाळीस मोजले आणि प्रतिका रावलला स्वस्तात मिळवले. २६ ऑक्टोबरला प्रतिका जखमी झाली. तिच्या जागी भारताने मूळ संघात नसलेल्या शफाली वर्माला बोलावले. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत अंतिम सामन्यात शफालीने ८७ धावा केल्या, दोन बळी घेतले, ती सामन्याची मानकरी ठरली आणि भारत विश्वविजेता झाला. आमच्या हर्राशीत तिचा पुकाराच झाला नव्हता. मुलीचे म्हणणे, शफाली आपोआप माझी. अंबड चौफुलीने २००३ची खतावणी मागवली, पहिले पान काढून तिच्यापुढे धरले. तिने ते वाचले आणि म्हणाली, “काका, हा नियम नासलेल्या मालाचा आहे. प्रतिका काही नासलेली नाही.”

बाप गालात हसत होता. त्याचा हॉरिट्झ तेव्हा असाच गेला होता. अंबड चौफुलीने पेनाचे टोपण काढले, बसवले, पुन्हा काढले. मग शेवटच्या कोऱ्या पानावर त्याने एक सातवे खाते उघडले. माथ्यावर लिहिले ‘अवांतर’. त्याखाली ८७, त्याखाली ४०. मुलीला ते मान्य नाही. पुढच्या हर्राशीआधी ती दुरुस्ती सुचवणार आहे, लेखी.